तीन दिवस ओलं राहिलेलं माप

आमच्या घरात धम्म घेतल्यापासून अंगारा, उतारा, नवस सगळं बंद. गल्लीत कुणी भुताचं सांगायला लागलं की मीच त्याला झापायचे. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण घडलं ते घडलं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जिकडंतिकडं नव्या ऑफिसांच्या पाट्या, आणि नळाला पाणी नाही. त्या दुष्काळात मी गंजगोलाईजवळ एका दातांच्या डॉक्टरांकडं मदतनीस होते. कवळ्या आम्ही तिथंच बनवायचो.

माझी माय जळकोटला. विहारात वर्षानुवर्षं वंदना तीच म्हणायची, खणखणीत. मग दात गेले आणि 'सरणं'मधला स फुसकन निसटायला लागला. पोरं हसली. त्या दिवसापासून ती मागच्या रांगेत ओठ मिटून बसायची. मला ते बघवत नव्हतं. वैशाख पौर्णिमेच्या आत तिला कवळी बसवायचीच, असं मी ठरवलं.

डॉक्टरांनी माप घेतलं. मापाचं गुलाबी पीठ पाण्यात कालवून तोंडात धरायचं, दोन-तीन मिनिटांत ते रबरासारखं होतं. पण लई नाजूक — उघडं राहिलं की तासाभरात आक्रसतं, पाण्यात ठेवलं तर फुगतं. म्हणून लगेच त्यात प्लास्टर ओतायचं. पिठाचा डबा मायच्या मापातच संपला. नवा हैदराबादहून यायला महिना लागणार होता.

माय एसटीला गेली. मी प्लास्टर काढणार, तेवढ्यात गल्लीत ओरडा — टँकर आला! मापावर ओलं फडकं टाकलं आणि घागरी घेऊन पळाले. दोन तास रांगेत गेले. परत येते तर दवाखान्याला कुलूप. प्लास्टर ओतून झालं असं समजून डॉक्टर पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते... तीन दिवसांसाठी. चावी त्यांच्याकडंच. चूक माझीच होती. मी पायरीवर बसून रडले.

चौथ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं. माठ कोरडा. फडकं पापडासारखं कडक. ते उचललं — आणि खाली माप ओलं. आत्ताच तोंडातून काढल्यासारखं. मायच्या हिरड्यांची रेघन्‌रेघ जागेवर.

"पाणी कुणी घातलं?" डॉक्टरांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "पाण्यानं फुगलं असतं. हे जसंच्या तसं आहे." आणि प्लास्टर कालवायला बसले.

आठवड्यानं माय मेणावर लावलेले दात बघायला आली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती. खुर्चीत टेकल्या टेकल्या तीच म्हणाली, "बाई, माप देऊन गेले न्हाई का, तवापासून तीन दिवस तोंडाला वल म्हणून न्हाई. तांब्या तांब्या पाणी पिऊन राहिले, तरी जीभ कोरडी ठाक. चौथ्या दिवशी सकाळी आपोआप बरं वाटलं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी मेण तापवायला वळले.

कवळी पहिल्याच वेळी चपखल बसली. पौर्णिमेला माय पुढं बसली, आणि पहिला स असा स्वच्छ उमटला की हसणारी पोरंही तिच्यामागं म्हणायला लागली. घरी आल्यावर मी सगळं कबूल केलं. ती हसली. "तू इसरलीस. मंग माझं तोंड मीच सांभाळावं का न्हाई?"

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या तोंडाचा तो प्लास्टरचा साचा माझ्या कपाटात आहे. त्या तीन दिवसांचं कारण डॉक्टरांना शेवटपर्यंत सापडलं नाही, मलाही नाही. आठवण आली की साचा हातात घेते. कोरडाच असतो... तरी मी आधी बोट लावून बघते.