चार्ज देणाऱ्या सिस्टर

सिस्टर कुठल्याही जागेवरून चार्ज दिल्याशिवाय उठत नसत. गॅसवर दूध ठेवून दारात भाजी घ्यायला जायचं असलं, तरी घरात जो कोणी बसलेला असेल त्याला उभं करायच्या आणि सांगायच्या, "हे दूध. आत्ताच ठेवलंय. गप बसल्यासारखं दिसतं, पण लई दगाबाज हाय. चार्ज घे." समोरच्यानं नुसती मान हलवून भागत नसे. तोंडानं "घेतला" म्हणावं लागे. हैदराबादच्या मलकपेठेतल्या आमच्या गल्लीत पोरासोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळ्यांनी कधी ना कधी सिस्टरांच्या दुधाचा, दाराचा, नाही तर गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांचा चार्ज घेतलेला आहे.

ही सवय दवाखान्यातली. सिस्टरांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून झाली. पाळी संपवून घरी जाणारी नर्स पुढच्या नर्सला पेशंट सोपवते, त्याला चार्ज देणं म्हणतात. सिस्टरांची तऱ्हा त्यातही वेगळी होती. आधी पेशंटचं नाव, मग त्याला काय आवडतं, मग त्याला कशाची भीती वाटते, आणि रोग सगळ्यांत शेवटी. "रोग कागदावर लिवलेला असतो, कोण पन वाचील," त्या म्हणायच्या. "मानूस कुठं लिवलाय?" नाव त्यांचं शांताबाई, पण ते फक्त रेशनकार्डाला ठाऊक. त्यांचे मिस्टर होते तोवर तेही त्यांना सिस्टरच म्हणत, आणि त्यावरून गल्लीत व्हायचे तेवढे विनोद होऊन गेले होते.

परभणीकडच्या एका खेड्यातून त्या नर्सिंग शिकायला हैदराबादला आल्या. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. घराण्यात गावाबाहेर शिकायला गेलेली ही पहिली मुलगी, आणि हे त्या कधीही लपवत नसत, उलट ठासून सांगत. त्यांची बोली अर्धी मराठवाड्याची आणि अर्धी हैदराबादची. रागावल्या की मराठीत सुरू करून दखनी हिंदीत संपवायच्या. लाजणं, संकोचणं, आवाज खाली ठेवणं यातलं त्यांना काही येत नव्हतं. शेजारच्या घरात कोणी शिंकलं तर इकडून औषध सांगायच्या.

त्या निवृत्त झाल्या त्याच सुमारास माझी नोकरी गेली. कंपनीनं एका दुपारी आमचा आख्खा विभाग बंद केला आणि मी गळ्यातलं ओळखपत्र देऊन घरी आले. त्यानंतर कित्येक दिवस मी खोलीत पडून होते. आई दारातून हाक मारून जायची. सिस्टर मात्र सरळ आत आल्या, पंखा बंद केला आणि म्हणाल्या, "नोकरी गेली ना? हात गेले का? डोकं गेलं का? ऊठ. मला इमानाचं तिकीट काढता येत नाही."

शहरातल्याच नारायणगुड्याचे गोविंदराव म्हणून त्यांचे जुने पेशंट होते. ते बंगळुरूला मुलाकडे राहायला निघाले होते. एकट्यानं विमानात बसायची हिंमत नव्हती आणि मुलाला रजा नव्हती, म्हणून त्यांनी सिस्टरांना गळ घातली होती. सिस्टरांनीही आयुष्यात विमान पाहिलं ते गच्चीवरूनच. तिकीट मी काढलं, मग विमानतळावरचे सोपस्कार त्यांना जमणार नाहीत म्हणून मीही बरोबर गेले. हेच पुढे आमचं काम होईल, असं त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

सिस्टरांच्या हँडबॅगेत अंबाडीच्या लोणच्याची बरणी निघाली. तपासणीवाल्या साहेबांनी ती बाजूला काढली. मला वाटलं, आता भांडण. सिस्टरांनी एक लांब श्वास घेतला आणि त्या साहेबांना लोणच्याचा चार्ज दिला. "साब, ये तिल के तेल का है. धूप में नक्को रखो. गीला चमचा नक्को डालो. चार दिन बाद और अच्छा लगता." पाठीमागे रांग खोळंबली होती. साहेब बिचारे "जी, अम्मा" म्हणाले, पण एवढ्यावर सुटका नव्हती. "लिया बोलो," सिस्टर म्हणाल्या. "लिया," साहेब म्हणाले.

बंगळुरूला मात्र त्यांनी मोठा घोटाळा केला. बाहेर गोविंदरावांच्या नावाची पाटी घेऊन एक नीटनेटका तरुण उभा होता. मी सामान गोळा करत होते, तेवढ्यात सिस्टरांनी त्याला गाठून चार्ज द्यायला सुरुवातही केली होती. यांना सकाळचा चहा बिनसाखरेचा, पण बिस्किट गोडच पाहिजे. पेपर कुणीतरी वाचून दाखवलेला आवडतो. अंधाराची भीती वाटते, पण ते कबूल करणार नाहीत, तेव्हा न सांगता दिवा चालू ठेवायचा. तरुणानं हात बांधून सगळं ऐकलं आणि "लिया अम्मा" म्हणाला. मग सिस्टर गोविंदरावांकडे वळल्या. पेशंटचे आभार मानल्याशिवाय त्या कधीच निघत नसत. त्यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "मला सांभाळून घेतलं तुमी. शुक्रिया." म्हातारबुवा रडायला लागले.

रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला गोविंदरावांच्या मुलाचा फोन आला, हसून हसून त्याला बोलता येत नव्हतं. सिस्टरांनी मुलगा समजून ज्याला चार्ज दिला, तो तरुण त्यांचा ड्रायव्हर होता. मुलगा कचेरीतून घरी पोचला तेव्हा ड्रायव्हरनं त्याला दिवाणखान्यात उभं केलं, नाव, आवड, भीती सगळं ओळीनं सांगितलं, आणि साहेबांनी "घेतला" म्हटल्याशिवाय गाडीची चावी दिली नाही. मी सिस्टरांना चिडवलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुरकुतीही हलली नाही. "मुलापरीस बरं ध्यान दिऊन ऐकलं की त्यानं," म्हणाल्या.

गोविंदरावांच्या मुलानं ही गोष्ट चारचौघांत सांगितली, आणि फोन यायला लागले. या शहरात असे आई-वडील किती आहेत, याचा मला अंदाजच नव्हता. मुलं दूर, जायचं तर आहे, पण सोबत नाही. मी तिकिटं, फोन, गाड्या बघायची आणि सिस्टर माणूस बघायच्या. एका आजींना चंदीगडला पोचवलं, एका जोडप्याला जयपूरला. सरकत्या जिन्याला घाबरणाऱ्या आजींचा हात सिस्टरांनी घट्ट धरला होता, पण कोण कुणाला धरून आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोघी डोळे मिटून वर गेल्या आणि वर पोचल्यावर शाळकरी पोरींसारख्या हसल्या.

प्रत्येक फेरीत सिस्टर एक दिवस स्वतःसाठी ठेवायच्या. पेशंट पोचता झाला की नवी साडी नेसून गाव बघायला बाहेर. गुवाहाटीला नदीच्या काठावर त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. "एवढं पानी," म्हणाल्या. "माझी आय घागर घिऊन पार शिवंपोतर जायची." मग त्यांनी पदर खोचला, खाली उतरल्या आणि ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं. कुठल्या खेड्यातून निघून, कुणाच्याही सोबतीशिवाय, ही बाई इथवर आली होती, आणि आता दुसऱ्यांना सोबत करत होती.

त्याच दिवशी घाटाच्या पायरीवर त्यांचा पाय मुरगळला.

इथे मिलिंदबद्दल सांगायला हवं. मिलिंद हा सिस्टरांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला बायको-मुलासह राहणारा इंजिनिअर. आई निवृत्त झाली की तिला घेऊन जायचं, हे त्यानं आधीच ठरवलेलं होतं. सिस्टरांनी त्याच्याकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. "एक वरीस माझं. मग तू म्हनशील तसं." त्याला वाटलं, आई घर आवरेल, मैत्रिणींना भेटेल. ती देशभर उडत फिरेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पाय सुजल्याचं कळलं तसा तो हैदराबादला आला. वर्षही संपतच आलं होतं. आला तो पुण्याची दोन तिकिटं घेऊनच.

मिलिंद वाईट नव्हता. मला तर तो नेहमीच आवडलेला आहे. आईनं रात्रपाळ्या करून वाढवलेला मुलगा, आईनं आता बसून खावं एवढीच त्याची इच्छा. आईसाठी त्यानं खोली रंगवून घेतली होती आणि त्या खोलीचे फोटो तो सगळ्यांना दाखवत होता. त्याच आठवड्यात आम्हाला नारायणगुड्याच्या कमलाबाईंना कोलकात्याला पोचवायचं होतं. मी मनातल्या मनात ते काम एकटीनं करायची तयारी केली. सिस्टर काहीच बोलत नव्हत्या. गल्लीतल्या बाया निरोपाला येत होत्या, डबे देत होत्या, आणि त्या मुकाट्यानं सगळ्यांना चहा करत होत्या. सिस्टर गप्प बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या आणि मला ते सहन होईना.

निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या घरी गेले. मिलिंद बाहेरच्या खोलीत बॅगेचे पट्टे आवळत होता. मी म्हटलं, "मिलिंद, उभा राहा. चार्ज घे."

तो हसला, पण उभा राहिला. शेवटी सिस्टरांचाच मुलगा.

"नाव शांताबाई," मी म्हणाले. "पण सिस्टर म्हटल्याशिवाय ओ देत नाहीत. कडक चहा आवडतो. विमानात खिडकीची जागा आवडते. कुणी काम सांगितलं की फार आवडतं. घाटाच्या पायऱ्या उतरताना ऐकत नाहीत."

"आणि भीती?" मिलिंदनं विचारलं. त्याला क्रम पाठ होता.

"आपली आता कुणाला गरज नाही, याची."

स्वयंपाकघरातली भांड्यांची खडखड थांबली होती. सिस्टर हात पुसत, लंगडत बाहेर आल्या.

"कुनाचा चार्ज चाललाय?"

मी बोटानं त्यांच्याकडेच दाखवलं.

"ड्युटी संपल्यावर चार्ज देत असतात," सिस्टर माझ्यावर ओरडल्या. पार जुना, वॉर्डातला आवाज. "माझी ड्युटी संपली म्हनून कोन बोललं तुला?" मग मिलिंदकडे वळल्या. "तू बोलला का?"

"आई, पाय बघ तुझा."

"हौ, सुजलाय. काठी घिऊन फिरीन. सामान ही पोरगी उचलील. म्हैन्याला एकच फेरी करीन, चल. पन बसनार नाही, बाबा."

"मी खोली रंगवलीय तुझ्यासाठी," मिलिंद म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण आवाज लहान झाला होता.

सिस्टर एकदम मऊ झाल्या. त्याच्या गालाला हात लावला. "मग यीन ना रे. पावनी म्हनून यीन, रंग बघीन, नातवाला खेळवीन. आन परत यीन." मग म्हणाल्या, "तू शिकावा म्हनून मी काम केलं, खरं हाय. पन तेवढ्यासाठीच नाही केलं, बेटा. मला आवडतं."

मिलिंद खाली बसला आणि बॅगेचे पट्टे एकेक करून सोडवू लागला. साड्या बाहेर काढल्या, कोलकात्याला कुठली नेणार म्हणून विचारलं. पुण्याची दोन्ही तिकिटं त्यानं माझ्यादेखत फोनवरून रद्द केली. आई परत येईपर्यंत इथेच बसून लॅपटॉपवर काम करतो, म्हणाला.

या वर्षानं मला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी नवं काम, नवी गावं वगैरे सांगते, आणि ते खरंही आहे. आता मी एकटीही फेऱ्या करते, आणि निघताना पेशंटचा हात धरून शुक्रिया म्हणते. पण खरं म्हणजे, माझा पंखा बंद करणारी बाई मला मिळाली. तिचे आभार मानायला गेलं तर ती कामाला लावते.

कोलकात्याला निघालो त्या सकाळी टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि कमलाबाई मागच्या सीटवर बसून घायकुतीला आल्या होत्या. सिस्टर नवी काठी टेकवत दारात उभ्या, आणि समोर मिलिंद, चड्डी-बनियनवर, दात घासायचे राहिलेले. नळ कधी येतो, मोटार कधी लावायची, मोगऱ्याला पाणी किती, मांजरीला दूध कोमटच लागतं आणि तिला फटाक्यांची भीती वाटते, असं सगळं सिस्टरांनी सावकाश सांगितलं. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. सिस्टर हलल्या नाहीत, मुलाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"घेतला," मिलिंद म्हणाला, आणि वाकून त्यानं आईच्या सुजलेल्या पायावरची पट्टी नीट केली.