तोंड घराकडे फिरलेला कटर

खरं सांगते, असले किस्से वाचून हसणारी बाई आहे मी. आमी बौद्ध. आमच्या घरात देव नाही, देव्हारा नाही, मग भूत कुठून येऊन राहिलं? भिलाईला, खुर्सीपारच्या आमच्या गल्लीत कोण्या बाईच्या अंगात आलं की बाकीच्या लिंबू शोधत पळतात, मी तिला ताक पाजून झोपवते. तरी आज इथं लिहून राहिली, कारण जे झालं ते भर दुपारी, माझ्या अन् नवऱ्याच्या डोळ्यांदेखत झालं... अन् मी अजून त्या धक्क्यातून बाहेर आली नाही.

मी शाळेची व्हॅन चालवते. हो, बाईच! उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या व्हॅनचं इंजिन बसलं अन् मागची सीटही तुटलेली. शाळा उघडायला आठवडाच उरला होता. माझा नवरा स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे फिटर आहे. त्यानं बोरसीहून एक भंगारात निघालेली व्हॅन ओढून आणली आणि आमच्या अंगणात लावली. तिचं इंजिन अन् मागच्या सीटची चौकट काढून माझ्या गाडीला बसवायची, असं ठरलं.

आता आमच्या भिलाईच्या माणसाची खोड ऐका. जंग चढलेला बोल्ट दिसला की तो पाना शोधत नाही, ज्वाळेनं लोखंड कापणारा गॅस कटर शोधतो. दिवसभर लोखंड कापणाऱ्याला पाना फिरवायचा धीर कुठला! नवरा म्हणाला, "सीटचे बोल्ट गाडीखाली झोपून खालूनच उडवतो. पाने घेऊन बसलो तं शाळा उघडून जाईन वो." मलेही घाई होतीच. तो लगेच कटर, रबरी पाइप, सिलेंडर सगळं ठेकेदाराकडून मागून घेऊन आला.

इथं माझ्या भासऱ्यांबद्दल सांगावं लागते. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. याच अंगणात ते जुन्या गाड्या खोलायचे. नवरा ड्युटीवर, म्हणून त्यांच्या हाताखाली मीच. पण आमच्यात भासरा अन् धाकट्या भावाची बायको समोरासमोर बोलत नाही. मग काम चालावं कसं? तर मी पोतं अंथरायची आणि सगळी हत्यारं गाडीकडे तोंड करून मांडायची. ते येऊन गाडीभोवती फिरायचे, वाकून खाली पाहायचे, आणि जे हत्यार त्या गाडीला लावायचं नाही त्याचं तोंड घराकडे फिरवून ठेवायचे. मी ते मुकाट आत नेऊन ठेवायची. ही खूण आमच्या दोघांतच होती. नवऱ्याला कधी सांगितली नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही. भासरे वारले त्याला आता कितीतरी वर्षं झाली.

त्या दिवशी रविवार होता. मी सवयीनं पोतं अंथरलं. कटर सगळ्यात पुढे, गाडीकडे तोंड करून. मागे रिंग पाने, गोटी पाने, हातोडी, छेनी. पाइप जोडलेले होते, पण सिलेंडर अजून बंदच. नवरा भिंतीच्या सावलीत चष्मा पुसत बसला होता. मी आत जाऊन पाण्याचा जग घेऊन आली, तर कटरचं तोंड घराकडे.

मी म्हटलं, "कटर कावून फिरवला?"

"मी हातच नाही लावला."

"मग काय मांजरानं फिरवला?"

"तुले ऊन लागलं दिसते," तो हसला. मीही कटर सरळ केला आणि जाड पाइपावर हातोडी ठेवून दिली, म्हणजे हलायला नको. फाटकाची कडी लावून आली. मागे वळून पाहते तर... अगं माय! कटर पुन्हा घराकडे. हातोडी बाजूला. आणि मागचे रिंग पाने सरकून पुढे आलेले, सगळ्यांची तोंडं गाडीकडे. वारा म्हणाल तर झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

नवरा चिडला. त्याला वाटलं, मीच त्याची गंमत करून राहिली. "थांब, आता पाहू कोण फिरवते," असं म्हणून त्यानं कटर उचलला, गाडीकडे तोंड करून पोत्यावर आपटला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

आमी दोघं पाहत होतो. कटर हळूहळू फिरला. झटक्यानं नाही हो... एखादा माणूस शांतपणे फिरवून ठेवतो ना, तसा. पाइप त्याच्यामागे पोत्यावर घासत गेले, तो आवाजही आला. तोंड घराकडे झालं अन् कटर थांबला.

नवरा भिंतीपर्यंत मागे सरकला. मी काय बोलली मलेच कळलं नाही. तो नंतर म्हणाला की मी मोठ्यानं म्हटलं, "बरं जी, नेते आत." आणि खरंच मी कटर उचलून आत नेला. मग त्याला खुणेचं सगळं सांगितलं. तो पोत्यावर बसूनच राहिला.

मग त्यानं पाने घेतले. तेल सोड, ठोक, फिरव, सगळी दुपार त्यात गेली. गाडीखाली जायची हिंमत नव्हती, म्हणून वरून एकेक पत्रा खोलत गेला. मागच्या सीटखालची जागा पत्र्यानं बंद करून वर रेक्झिन मारलेलं होतं. तो पत्रा निघाला आणि आत दिसला स्वयंपाकघरातला लाल सिलेंडर. कोणीतरी कधीकाळी चोरून गॅसवर गाडी चालवली असणार. विकणाऱ्यानं तर 'पेट्रोलची आहे' म्हणून दिली होती. नवऱ्यानं सिलेंडर हलवून पाहिला अन् हात मागे घेतला. आत गॅस होता. चांगला जड होता. खालचा पत्रा गंजून पापडासारखा झालेला, आणि ज्या बोल्टांवर हा माणूस खालून ज्वाळा धरणार होता ते बरोबर सिलेंडरच्या बुडाशी.

मले सिलेंडर दिसतच नव्हता, त्याच्याखाली पाठीवर झोपलेला माझा माणूस दिसत होता. मी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. तो म्हणत राहिला, "सोड वो, ग्रीस लागते," अन् मी रडत राहिली.

माझी मुलगी रायपूरला इंजिनिअरिंग शिकते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणे, "आई, पाइप में पीळ रहता है ना, तो गोल फिरलाच असेल." बरं, फिरला असेल. मग हातोडी कोणी उचलली? पाने कोणी पुढे सरकवले? त्यावर ती म्हणाली, "फोन ठेवते." मी स्वतःही नंतर तोच कटर, तेच पाइप, तेच पोतं घेऊन पुष्कळ वेळा करून पाहिलं. एकदाही फिरला नाही.

भूत असते असं मी आजही म्हणणार नाही. पण मग हे काय होतं, तेही मले सांगता येत नाही. शाळा उघडली, व्हॅन सुरू झाली. नवरा या गोष्टीबद्दल कोणाशी बोलत नाही. परवा मात्र जेवता जेवता हात थांबवून, खाली मान घालून मले विचारलं, "भाऊ तं माहा होता ना वो... मग मले कावून काहीच नाही सांगितलं?"

मी त्याच्या ताटात भाकर वाढली.