हत्यारं पूजेत आणि यूट डावीकडे

आमच्या घरात ड्रॅग रेसिंग बायको करते. मी फक्त गाडीखाली झोपतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबातले अर्धे मराठी लोक अजूनही मलाच "रेसर" म्हणून हाक मारतात आणि मी ती हाक अत्यंत निर्लज्जपणे स्वीकारतो.

गाडी म्हणजे एक म्हातारी यूट. पुढून कार, मागून टेंपो, आवाज दोन्हींच्या वरचा. मागच्या चाकांवर जुन्या ट्रकला असतात तशा लोखंडी पट्ट्यांच्या कमानी, म्हणजे लीफ स्प्रिंग. ड्रॅग रेसमध्ये सरळ रस्त्यावर हिरवा दिवा लागला की पाय दाबायचा, एवढंच काम. पण तो पाय दाबताना सगळा भार मागे येतो आणि कमानी वाकतात. बायकोने इतक्या वेळा पाय दाबला होता की कमानींनी शेवटी मान टाकली. गाडी मागून बसली. रेसिंग लायसन्सच्या परीक्षेत ती सुटताक्षणी भिंतीकडे निघाली, तेव्हा परीक्षक फार गोड आवाजात म्हणाला, "मागचं नीट करून ये, मग सही देतो."

पुढची संधी दसऱ्याच्या दिवशी, शनिवारी होती. त्यानंतर हॉस्पिटलमध्ये तिला कित्येक महिने वीकेंडच्या शिफ्ट लागणार होत्या. म्हणजे सही शनिवारी, नाहीतर पुढच्या वर्षी. ती नर्स आहे. एरवी कुणी मरत असलं तरी तिचा आवाज चढत नाही. पण या सहीचं नाव निघालं की ती भाजी जरा जोरात चिरायची.

म्हणून आम्ही कमानी काढून स्प्रिंगवाल्याकडून पुन्हा वाकवून आणल्या आणि आदल्या रविवारी मोठ्या थाटात बसवल्या. आम्ही म्हणजे मी, कोल्हापूरचा मित्र आणि नागपूरचा मित्र. खरं तर मी बसवल्या आणि त्या दोघांनी पोहे खाल्ले. गुरुवारी संध्याकाळी बघतो तर मागचा डावा कोपरा अर्धा इंच खाली. उजवा झकास, डावा रुसलेला. बायकोने वाकून पाहिलं आणि आत जाऊन दुधी चिरायला घेतला.

शुक्रवारी मी सुट्टी टाकली. सकाळी शर्टाच्या बाह्या वर करून, युद्धावर निघाल्यासारखा गराजमध्ये गेलो, तर भिंत रिकामी. एक पाना नाही, जॅक नाही, मेजर टेपसुद्धा नाही.

"आई, माझी हत्यारं?"

सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिजावर साताऱ्याहून आलेल्या. त्यांनी हॉलकडे बोट दाखवलं. चौरंगावर माझे सगळे पाने उंचीनुसार मांडलेले, त्यांवर हळदकुंकू, झेंडू. जॅकला हार. टॉर्क रेंचच्या डोक्यावर अक्षता.

"खंडेनवमी आहे, जावईबापू. आज हत्यारांना विश्रांती."

"अहो, पण उद्या तुमच्या मुलीची परीक्षा!"

"म्हणूनच नीट पूजा केलीय. उद्या उत्तरपूजा झाली की उचला. आज हात लावलात तर मी पुढच्या विमानाने साताऱ्याला."

या धमकीने मला क्षणभर जो आनंद झाला, तो मी लगेच गिळला.

तेवढ्यात दोघे मित्र हजर. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण गाडी बिघडल्याचा वास त्यांना आपोआप येतो. मी परिस्थिती सांगितली. सासूबाईंनी चहा दिला. अंगणातला जॅकरांडा फुलून जांभळा झाला होता आणि त्याची सावली यूटच्या डाव्या बाजूला पडली होती. दोघे कप घेऊन तिथेच यूटच्या मागच्या हौद्याच्या कडेवर बसले आणि निदान सुरू झालं.

"स्प्रिंगवाल्यानं गंडवलं लेका," कोल्हापूर म्हणालं. "एकच कमान वाकवली आणि दुसरीला नुसता रंग मारला."

"काही नाही बे," नागपूर म्हणालं. "चासी वाकडी झाली असन. आता गाडी गेली कामातून. वहिनीले सांग, सायकल घे म्हणा."

"तू सांग," मी म्हणालो. "मी लांबून बघतो."

"मी काऊन सांगू? नवरा तू आहेस."

निदानाचा खरा उपाय मला माहीत होता. डावी कमान उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावून बघायची. खाली बसणारा कोपरा कमानीबरोबर गेला तर दोष कमानीचा, तिथेच राहिला तर दोष गाडीचा. पण ती काढायला पाने हवेत, आणि पाने झेंडूखाली.

मग मला शेजारी आठवला. निवृत्त ऑस्ट्रेलियन, त्याच्या शेडमध्ये माझ्या दसपट हत्यारं. कुंपणावरून मी हाक मारली. तो आला, कपाळावर भलामोठा कुंकवाचा टिळा.

"सॉरी मेट," तो छाती फुगवून म्हणाला, "तुझी मदर-इन-लॉ सकाळीच येऊन गेली. सगळी टूल्स ब्लेस केलीत. उद्यापर्यंत हात लावायचा नाही. रूल्स आर रूल्स."

सासूबाईंना इंग्रजीत यस, नो आणि थँक्यू एवढंच येतं. तेवढ्या भांडवलावर त्यांनी अख्खं कुंपण जिंकलं होतं.

दुपारी बायको शिफ्टवरून आली. युनिफॉर्ममध्येच फाटकात थांबली. समोर चित्र असं: मी गाडीखाली उताणा, हातात काहीच नाही. शेजारी टिळा लावून लाडू खातोय. आणि दोघे निदानतज्ज्ञ तिसऱ्या चहासह यूटच्या डाव्या कडेवर.

तिने त्या दोघांवरून नजर खाली चाकापर्यंत नेली. मग अगदी हॉस्पिटलच्या आवाजात विचारलं, "रविवारी तू शेवटी बोल्ट आवळलेस, तेव्हा हे दोघं कुठे होते?"

"इथेच," कोल्हापूर म्हणालं. "पोहे खात होतो. सावली असते ना."

"इथेच म्हणजे असेच? बसून?"

जॅकरांडाचं एक फूल नागपूरच्या कपात पडलं.

मी गाडीखालून हळूच बाहेर आलो, कारण मला ते उमगलं होतं आणि पडल्या पडल्या शिव्या खायच्या नव्हत्या. कमानीच्या टोकाला गोल डोळा असतो, डोळ्यात रबरी बुश, आणि बुशातून बोल्ट. बोल्ट आवळताना गाडी जितकी दबलेली असेल, तिथेच ते रबर पकडलं जातं आणि नंतर गाडीला त्याच जागी खाली ओढत राहतं. म्हणून आवळताना गाडी फक्त स्वतःच्या वजनावर उभी हवी. आमची उभी होती दोन सुखवस्तू मराठी पुरुष, त्यांचे पोहे आणि त्यांची मतं यांच्या वजनावर.

"म्हणजे कमान चांगली, चासी चांगली," बायको म्हणाली. "बिघाड इथे बसलाय."

"वहिनी, आम्ही मुद्दाम नाही..."

"उतरा आधी!"

दोघे असे उतरले की यूटने सुटकेचा निःश्वास टाकल्याचं मला ऐकू आलं. कोपरा मात्र खालीच. बोल्ट सैल केल्याशिवाय तो उठणार नव्हता. बायको आईकडे वळली.

"आई, दोनच बोल्ट. एक पाना दे."

"उद्या."

"आई, प्लीज!"

"तुझ्या परीक्षेसाठीच मांडलेत ना? अर्ध्यात उठवते का कुणी पूजेतून?"

ऑपरेशन थिएटरमध्ये भल्याभल्या डॉक्टरांना गप्प करणारी माझी बायको पाय आपटत आत गेली.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही सगळे चौरंगासमोर हात जोडून उभे. सासूबाई आरती म्हणत होत्या आणि माझे डोळे सतरा नंबरच्या पान्यावर खिळले होते. इतक्या भक्तिभावाने मी कोणत्याही देवाकडे पाहिलेलं नाही. त्यांनी अक्षता टाकून पाने हलवताक्षणी मी झेंडूसकट पाना उचलून पळालो. बोल्ट सैल केले. खालून कर्र असा आवाज आला आणि डावा कोपरा, जणू झोपेतून उठून आळस देत, वर आला. गाडी हलवून हलवून मी ती तिच्या जागी बसू दिली. कोल्हापूर आणि नागपूर कुंपणापलीकडे, शेजाऱ्याच्या अंगणात उभे. बायकोने त्यांना तिथेच पाठवलं होतं. मग मी आवळलं.

स्ट्रिपवर, म्हणजे रेसच्या सरळ रस्त्यावर, तपासनीस गाडीखाली वाकला आणि पान्यावरून कमानीला लागलेलं हळदकुंकू बघून म्हणाला, "गंज आहे का हा?" आम्ही नाही म्हणालो. हिरवा दिवा लागला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा यूट दोरी धरल्यासारखी सरळ निघून गेली होती आणि परीक्षक सही करत होता. सासूबाईंनी आमच्या गल्लीतल्या बौहिनियाची, म्हणजे कांचनाची, पानं आपटा समजून आणली होती. त्यातलं एक त्यांनी त्याच्या हातात ठेवलं. "सोनं," त्या म्हणाल्या, आणि वर "थँक्यू." त्याने ते टोपीत खोचलं.

"एवढ्यासाठी एवढा गोंधळ?" परतताना त्या म्हणाल्या. "गाडी कुठे गेलीसुद्धा नाही. सरळ गेली आणि परत आली."

संध्याकाळी जेवायला सगळे आमच्याकडे. दोन्ही मित्र ताटं घेऊन यूटपासून हातभर लांब, शिपायांसारखे ताठ उभे. बायको नवं लायसन्स शेजाऱ्याला दाखवत होती. तेवढ्यात सासूबाई श्रीखंडाची वाटी घेऊन आल्या, इकडेतिकडे पाहिलं, सावलीची जागा निवडली आणि यूटच्या डाव्या कडेवर ऐसपैस बसल्या.

बायकोने तोंड उघडलं. मग मिटलं. आणि आत जाऊन त्यांच्यासाठी आणखी दोन पुऱ्या घेऊन आली.