खाडीचं गणित आणि कॉलेजचा एकच संगणक

तस्नीम मुकादम आमच्या श्रीवर्धनच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. मी बॉटनीची. दोघींच्या लॅब शेजारीशेजारी, त्यामुळे तिची पीएचडी मी जवळून पाहिली. पाहणंसुद्धा दमवणारं होतं.

खाडीच्या तोंडाशी वाळू का साचते आणि होड्या का अडकतात, हा तिचा विषय. पाण्याच्या खोलीची मोजमापं तिने स्वतः होडीतून फिरून घेतली, तीही उलट्या करत, कारण समुद्राकाठी जन्म काढूनही तिला होडी लागते. त्या आकड्यांवरचं मोठं गणित तिचे गाईड विद्यापीठातल्या मोठ्या संगणकावर करून घ्यायचे. गाईड निवृत्त झाले आणि ती वाट बंद झाली. मधल्या काळात वादळ येऊन गेलं होतं, सासू अंथरुणाला खिळून मग गेली होती, आणि नवरा मुसअब कुवेतला होता तो तिथेच होता. विद्यापीठाने मुदत वाढवून दिली आणि ही शेवटची म्हणून बजावलं.

गणिताचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते विंडोजवर नाही, युनिक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीवर चालणारं. कॉलेजात तेवढ्या ताकदीचा संगणक एकच, तो ऑफिसात आणि विंडोजवर. त्यावर आमचा क्लार्क प्रणय शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो.

"मॅडम, विंडोज काढायचं न्हाय हां," प्रणयने आधीच सांगून टाकलं. "माझं सगळं काम त्याच्यावर हाय."

"काढत नाही रे. त्याच्या आतच लिनक्स बसवता येतं. युनिक्सच्याच घराण्यातलं आहे ते."

"आत? म्हणजे भाडेकरूसारखं?"

"तसंच समज."

भाडेकरूला दारातच अडवलं. लिनक्स चालायला संगणकातली एक सोय मुळातून चालू करावी लागते, आणि तिथे पासवर्ड होता. तो फक्त संगणक विकणाऱ्या पनवेलच्या पुरवठादाराकडे. तस्नीम रोज फोन करायची. साहेब बाहेर आहेत, साहेब जेवायला गेलेत. शेवटी कुणीतरी वैतागून पासवर्ड सांगितला. मग लिनक्स आलं, पण सॉफ्टवेअर कुठे आयतं मिळतं? त्याचा कोड आपल्याच संगणकावर बांधून घ्यावा लागतो. त्याला एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार कोड, लागे, त्या लायब्ररीला दुसरी, दुसरीला तिसरी. लेक्चरं संपली की ती ऑफिसात जाऊन बसायची आणि दुपारच्या लोडशेडिंगला बाहेर यायची.

"आज काय म्हणतंय?" मी विचारायचे.

"फाईल सापडत नाही म्हणतं. फाईल समोर आहे, अनुसूया. मला दिसतेय."

त्या न सापडणाऱ्या फाईलने तिचा जीव काढला. एके दिवशी तिला कळलं. सॉफ्टवेअरमध्ये एकाच नावाच्या दोन फाईली होत्या, एकीचं पहिलं इंग्रजी अक्षर कॅपिटल, दुसरीचं स्मॉल. लिनक्सला त्या दोन वाटतात, विंडोजला एकच. तिने सगळं विंडोजच्या फोल्डरमध्ये उघडलं होतं, तिथे एकीने दुसरीला पुसून टाकलं. मग तिने सगळा पसारा लिनक्सच्या आतल्या जागेत हलवला. तरीही तिचे खाडीचे आकडे ते वाचेना. ती फाईल तिने नोटपॅडमध्ये लिहिली होती. नोटपॅड प्रत्येक ओळीच्या शेवटी डोळ्याला न दिसणारं एक जादा चिन्ह ठेवतं, आणि सॉफ्टवेअर तिथे अडखळत होतं. ते काढल्यावर तिच्या खाडीचं गणित सुरू झालं. तिने मला बोलावून पडदा दाखवला. काळ्यावर पांढरे आकडे सरकत होते. मला काही कळलं नाही, पण मी चहा मागवला.

पुढच्याच आठवड्यात पुरवठादाराचा माणूस देखभालीला आला. संगणक हळू चालतो म्हणून त्याने विंडोज नव्याने टाकलं. प्रणयचे अर्ज दुसऱ्या ड्राइव्हवर होते, ते वाचले. तस्नीमने जे लिनक्सच्या आत हलवलं होतं, ते विंडोजबरोबरच गेलं.

प्रणय स्वतः सांगायला आला. "मॅडम, मी विचारलं त्याला, सगळं ऱ्हाईल ना? हो म्हणला."

तस्नीम लॅबच्या पायरीवर येऊन बसली आणि डबा उघडून जेवायला लागली. मला राहवेना. मी म्हटलं, "वादळात आमच्या दिवेआगरच्या वाडीतल्या सगळ्या पोफळी पडल्या. नव्या लावल्या, त्यांना अजून सुपारी धरली नाही. होतं गं."

"पोफळी तू लावल्यास आणि तू झोपलीस. त्या आपल्या आपण वाढतात," ती म्हणाली. "तुलना करू नकोस." भाकरीचा तुकडा तिने पुन्हा डब्यात ठेवला.

तेव्हाच फोन वाजला. मुसअबचा होता. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "नाही, सोडत नाही. सोडायचं असतं तर सासूबाईंच्या वेळीच सोडलं असतं. तुम्ही तब्येत सांभाळा." फोन ठेवून तिने उरलेली भाकरी संपवली आणि हात धुवून सरळ ऑफिसात गेली.

दुसऱ्या खेपेला पासवर्ड ठाऊक होता, नोटपॅडला तिने हात लावला नाही. पण मधल्या काळात एका लायब्ररीची नवी आवृत्ती आली होती आणि सॉफ्टवेअरला ती चालेना. जुनी शोधून आणावी लागली. बांधून झालेल्या सगळ्याची प्रत तिने यावेळी पेनड्राइव्हवर घेतली आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला.

गणित पूर्ण झालं. उत्तर असं आलं की वाळू ती समजत होती तशी समुद्राकडून येत नाही, बरीचशी खाडीतूनच खाली येते. म्हणजे तिचं एक अख्खं प्रकरण चुकलेलं. मला वाटलं, आता ही रडेल. ती चष्मा पुसत म्हणाली, "बरं झालं, लिहून देण्याआधी कळलं," आणि लॅबच्या टेबलावर डोकं ठेवून थोडा वेळ पडून राहिली. ऑफिसात प्रणय कुणाशी तरी मोठ्याने बोलत होता. मी उठून ऑफिसकडचं दार लोटलं.

प्रकरण तिने पुन्हा लिहिलं. प्रबंध मुदतीत गेला. त्या दिवशी ती मुंबईहून परतली ती एसटीत झोपून, श्रीवर्धनला उतरायला कंडक्टरने हलवून जागं केलं. घरी जाऊन तिने मुसअबला फोन लावला.

"दिला?"

"दिला."

"अल्हम्दुलिल्लाह. मग आता खूश ना?"

"आधी झोपते," तस्नीम म्हणाली. "खूश उद्या सकाळी होईन."