ओंगच्या नावाने बोललेला नवस

सीसाकेतच्या क्रीडाशाळेत वजन उचलायला शिकवणाऱ्या ओंगबाईंकडे कुणी आपली मुलगी आणून उभी केली, की बाई तिचे खांदे बघत नाहीत, मनगटंही चाचपत नाहीत. त्या आधी मुलीच्या आईकडे वळतात आणि विचारतात, "नवस काय बोललात?"

आई गडबडते. कुणी खरं सांगते, कुणी नुसतीच हसते. मग ओंगबाई समजावून सांगतात की उकडलेली अंडी बोला, डुकराचं मुंडकं बोला, हवं तर केळीचे घड बोला. पण मुलीने स्वतः काही करायचं असेल, तर आधी तिला विचारा. आयांना वाटतं हा शाळेचाच नियम असावा. तो तसा कुठे लिहिलेला नाही. तो एकट्या ओंगबाईंचा आहे आणि त्यामागे त्यांची अख्खी कारकीर्द उभी आहे.

ओंग म्हणजे पाण्याचा रांजण. नोंग साय गावात ही जन्माला आली तेव्हा बापाने तिला हातात घेतलं आणि तोल सावरत हेच नाव ठेवलं. असं ओबडधोबड नाव असलं की भुताखेतांना पोर पळवून न्यावंसं वाटत नाही. या पोरीला पळवायचं तर भुतालाही मदतीला माणूस लागला असता, ही गोष्ट वेगळी. कागदावरचं नाव नुआनचान, चंद्राच्या मऊ उजेडासारखं. ते पुढे फक्त स्पर्धांच्या निवेदकांनी वापरलं.

नोंग सायमध्ये मुलगी चालायला लागली की नाचायला लागते. भात लावायच्या आधी, मे महिन्यात बांबूचे अग्निबाण आभाळात सोडतात, आणि बाण सोडण्याआधी गावभर मिरवणूक निघते. मिरवणुकीत पोरीबाळी रेशमी लुंगी नेसून, खांद्यावरून उपरणं घेऊन, बोटं उलटी वाकवत ओळीने नाचतात. ती ओळ लाम्दुआन मावशीच्या ताब्यात होती. मावशीच्या हातात वेताची छडी असे आणि नजर छडीपेक्षा झोंबरी.

पाचवीतली ओंग त्या ओळीत उभी राहिली आणि ओळीची ओळख बदलली. सगळ्या डावीकडे वळल्या की ही उजवीकडून येऊन त्यांना भेटायची. बोटं उलटी वाकवायला सांगितली की मूठ व्हायची. देवळासमोरच्या वळणावर तिने मावशीच्याच पायावर पाय दिला, आणि मावशी त्या वर्षीची उरलेली मिरवणूक तळ्याच्या कठड्यावर बसून, पाय पाण्यात सोडून बघत राहिली. ओंगला ओळीतून काढलं आणि मागे, स्पीकरच्या गाडीपाशी पाठवलं. लोक हसले. आपल्याला हसतात हे कळायचं वय नुकतंच आलं होतं. ते तिथेच पक्कं झालं.

त्या दिवशी स्पीकरच्या हातगाडीचं चाक निखळलं. दोन गडी स्पीकरचा खोका आळीपाळीने वाहत होते आणि दर झाडाखाली टेकत होते. ओंगला घाई होती. मिरवणूक लवकर संपावी एवढीच तिची इच्छा. तिने खोका खांद्यावर घेतला आणि थेट देवराईपर्यंत चालत गेली. आतलं संगीत चालूच होतं. बघणाऱ्यांत जिल्ह्याच्या क्रीडाशाळेचे प्रासित मास्तर होते. ते भाच्याचा बाण बघायला आले होते. त्यांनी बाण बघितलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर घरी आले. वजन उचलून पोरीचं लग्न अडेल का, असं आईने विचारलं. जेवण कोण देणार, असं बापाने विचारलं. शाळा देणार म्हटल्यावर बापाने ओंगचं कपड्यांचं बोचकं स्वतः बांधलं.

ओंग मात्र खुशीत गेली. त्या जगात कुणी बोटं उलटी वाकवायला सांगत नव्हतं. उलट अंगठा बोटांच्या आत दाबून बार घट्ट धरायचा, तळहाताला खडूची पूड लावायची, आणि उचललं की उचललं. बार डोक्यावर घेऊन गुडघे सरळ करून उभं राहायचं आणि पंच हात खाली आणून इशारा करेपर्यंत हलायचं नाही. त्याआधी खाली आणला तर सगळं फुकट. हा इशारा तिला फार आवडायचा. नाचात कधी थांबायचं हे तिला कुणीच नीट सांगितलं नव्हतं.

जिल्हा झाला, देश झाला, शेजारचे देश झाले. आई दर महिन्याला टोपलीभर चिकट भात पाठवायची, आणि मास्तर तो ओंगच्या डोळ्यांदेखत इतर पोरांना वाटून टाकायचे, कारण ओंगला अठ्ठावन्न किलोंच्या गटात राहायचं होतं आणि तो भात समोर आला की ती कुठल्याच गटात राहत नसे. असं करता करता ती ऑलिम्पिकच्या संघात आली.

आणि तिथे आईने घोळ घातला.

टीव्हीवाले नोंग सायला आले होते. आईने नवी लुंगी नेसून, ओठांना रंग लावून, सगळ्या देशाला सांगितलं की आपण देवराईतल्या आजोबांना नवस बोललो आहोत. हे आजोबा म्हणजे गावाचे राखणदार. देवराईत त्यांचं लाकडी खोपटं आहे आणि गावात त्यांच्या परवानगीशिवाय म्हैससुद्धा विकत नाहीत. नवस असा, की पोरीला पदक मिळू दे, पोरगी देवळापासून देवराईपर्यंत, सगळ्या गावासमोर नाचत येईल.

ओंगने हे सरावाच्या खोलीत टीव्हीवर पाहिलं. तिने लगेच घरी फोन लावला.

"आई, अंडी का नाही बोललीस गं? शंभर अंडी बोलायचीस."

"अंडी सगळेच देतात. आजोबा कंटाळले अंड्यांना."

"मग डुकराचं मुंडकं."

"ते सरपंचीण देते दर वर्षी. तुझा नाच त्यांनी कधी बघितलाय का? नवस म्हणजे काहीतरी वेगळं नको?"

"मला नाचता येत नाही, आई."

"म्हणून तर," आई म्हणाली. "येत असतं तर त्यात नवस कसला."

ओंगने फोन ठेवला. आठवड्याने तिची स्पर्धा होती.

गावाने ती देवळाच्या आवारात पडदा लावून बघितली. स्नॅच, म्हणजे बार एका झटक्यात डोक्यावर नेणं, छान झालं. मग आधी खांद्यावर आणि तिथून डोक्यावर न्यायच्या जर्कचे दोन प्रयत्न झाले. तिसऱ्यात पदक होतं. बार खांद्यावर आला, खांद्यावरून डोक्यावर गेला, हात सरळ झाले. मागचा पाय पुढे आणून उभं राहायचं तेवढं बाकी होतं. गाव उठून उभं राहिलं. आणि बार मागे कलला, पडला, लाकडी मंचावर दोनदा उसळला. ओंग चौथी आली.

ती घरी परतली तेव्हा गावाने तिला फुलांच्या माळा घातल्या, टेम्पोत बसवून फिरवलं आणि मग मायेने छळायला सुरुवात केली. पपईची कोशिंबीर कुटणारी बाई उखळातला दांडा तिच्या हातात देऊन म्हणायची की हा तरी टाकू नको बाई. पुढच्या मे महिन्यात गावाचा बाण बांबूच्या उंचीएवढा जाऊन शेतात आडवा झाला. रिवाजाप्रमाणे बाण करणाऱ्यांना चिखलात लोळवलं, तेव्हा ते चिखलातूनच ओरडले की आपल्या गावात सगळं वर जातं, थांबत मात्र काही नाही. सगळे ओंगकडे बघून हसले. ओंगही हसली.

लाम्दुआन मावशीने तर भर बाजारात तिचा हात धरला.

"पोरी, नाचायचं नव्हतं तर तसं सांगायचंस. एवढ्या लांब जाऊन टाकायचं कशाला?"

बाजार खदखदून हसला. मावशीच्या मनात काही नव्हतं. तिला आपल्या पायाचा दुखावलेला अंगठा आठवला असेल, एवढंच. पण या वेळी ओंग हसली नाही. कारण तिला खात्रीने नाही म्हणता येत नव्हतं. बार डोक्यावर असताना, त्या एका क्षणात, तिला देवळासमोरचं वळण दिसलं होतं. रेशमी लुंग्यांची ओळ दिसली होती, आणि सगळं गाव हसताना. दिसलं म्हणून पडला, की पडता पडता दिसलं?

हे तिने फक्त प्रासित मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी कान खाजवला.

"बार पडला त्याचं कारण कोपर," ते म्हणाले. "उजवं. बाकीची कारणं गाव शोधतं."

"पण मास्तर, दिसलं होतं मला."

"मग पुढच्या वेळी दिसलं तरी धरून ठेव."

पुढची वेळ चार वर्षांनी येणार होती. मधल्या काळात ओंगने नवस बदलायची खटपट करून पाहिली. अंड्यांची पाटी घेऊन ती देवराईत गेली. देवराईची पूजाअर्चा बघणारा खाम काका अंडी घेऊन म्हणाला की आजोबा अंडी घेतील, पण जो नवस बोलला त्यानेच तो बदलायचा. आई तयार होईना. पदक हुकलं, म्हणजे नवस अजून उभाच आहे, असा तिचा हिशेब. खाम काकाने त्यातली दोन अंडी तिथेच मीठ लावून खाल्ली आणि एक ओंगला दिलं.

मग कंबर दुखावली. डॉक्टर म्हणाले, सोडून दे. आईसुद्धा म्हणाली की आता बस, घरी ये, पोरगा बघू. पण सोडलं असतं तर गावाचं म्हणणं कायमचं खरं ठरलं असतं: नाचावं लागेल म्हणून पळाली. पदक हवंच होतं. त्याहून जास्त तिला हे जाणून घ्यायचं होतं की तेच वळण पुन्हा दिसलं तर आपण बार धरून ठेवतो की नाही. ही गोष्ट सरावात कळत नाही. त्यासाठी ऑलिम्पिकलाच जावं लागतं.

ती गेली. पुन्हा पडदा लागला, पुन्हा गाव बसलं. या वेळी आईने टीव्हीवाल्यांना दारातूनच परत लावलं होतं आणि ती पडद्यासमोर न बसता देवळाच्या मागे जाऊन बसली होती. पुन्हा तिसरा प्रयत्न, पुन्हा पदक त्याच एका उचलीवर.

बार खांद्यावर आला. ओंग तो घेऊन उभी राहिली, आणि वळण दिसलं. ओळ दिसली, मावशीची छडी दिसली, बाजार हसताना दिसला. तिने मान फिरवली नाही. ती मनातल्या मनात आपल्या गावच्या बोलीत म्हणाली, "बरं आजोबा, नाचते. मीच नाचते. आता तरी वर जाऊ द्या." आणि बार डोक्यावर गेला. मागचा पाय पुढे आला. उजवं कोपर थरथरलं आणि थांबलं. ती इशारा होईपर्यंत उभी राहिली, आणि इशारा झाल्यावरही जरा उभीच राहिली. कांस्यपदक.

नोंग सायला पोचल्यावर आईने तिला कोपऱ्यात घेतलं. एवढी वर्षं ती पोरीला ऐकवल्या जाणाऱ्या टोमण्यांनी आतून कुढत होती. तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता तिने सगळी व्यवस्था करून ठेवली होती. शहरातला नाचणाऱ्या बायकांचा ताफा ठरवला होता, ओंगच्या नावाने त्याच नाचतील. खाम काकाने आजोबांना विचारलं होतं. चालतं म्हणाले.

"तू नुसती छत्री धरून पुढे चाल," आई म्हणाली. "कुणी हसणार नाही तुला."

"नाही आई. माझंच बोलून झालंय आजोबांशी."

"कधी?"

"तिकडेच. बार खांद्यावर होता तेव्हा."

आईने खाम काकाकडे पाहिलं. आजोबांना एवढ्या लांबचं ऐकू जातं का, हा प्रश्न खाम काकासमोर पहिल्यांदाच आला होता. तो बराच विचार करून म्हणाला, "ऐकू गेलं नसतं तर बार वर कसा राहिला?" ते सगळ्यांना पटलं.

मे महिन्यात मिरवणूक निघाली. ताफा ठरलेलाच होता म्हणून तोही आला, आणि त्याच्या पुढे, एकटी, जांभळी रेशमी लुंगी नेसून उपरणं घेतलेली ओंग. सवयीने तिने निघताना तळहातांना खडूची पूड लावली होती. शेजारून लाम्दुआन मावशी, म्हातारी, काठी टेकत, ताल मोजत चालली होती. स्वतःचे पाय तिने चांगले हातभर लांब ठेवले होते.

नाच कसा झाला म्हणाल, तर वाईट झाला. बोटं उलटी वाकली नाहीत. इतकी वर्षं बार धरलेली बोटं ती. वळताना आधी ती दोन्ही पाय जमिनीत रोवायची, श्वास घ्यायची आणि मग वळायची. चेहरा असा की समोर देऊळ नसून दीडशे किलो ठेवलेत. गाव हसलं. देवळासमोरच्या वळणावर तर पपईवाली बाई हसता हसता उखळावर टेकली. ओंगने ते सगळं ऐकलं आणि पुढचं पाऊल टाकलं. हसू तेच होतं, बाजारातलंच. पण आता ते अंगावर घेऊन चालता येत होतं. तेव्हाच्या स्पीकरच्या खोक्यासारखं.

देवराईशी नाच संपतो तेव्हा दोन्ही हात डोक्यावर नेऊन, तळवे आकाशाकडे करून क्षणभर थांबायचं असतं. ओंग थांबली. गुडघे सरळ, कोपरं सरळ. ढोल थांबले, स्पीकर बंद झाला. ताफ्यातल्या बायका घाम पुसायला लागल्या. ओंग तशीच उभी.

"झालं की गं," मावशी कुजबुजली. "आण खाली हात."

ओंग हलली नाही. खाम काका गोंधळला. आजोबा तिच्या अंगात आले की काय म्हणून त्याने हात जोडले. आई रडवेली झाली. गर्दीत कुणालाच काही कळेना, आणि या वेळी हसायचंही कुणाला सुचलं नाही.

मग मागून प्रासित मास्तर वाट काढत पुढे आले. केस आता पांढरे, पोट सुटलेलं. ते तिच्या बरोबर समोर, पंच बसतात तेवढ्या अंतरावर उभे राहिले, उजवा हात वर केला, आणि खाडकन खाली आणला.

तेव्हा ओंगने हात खाली घेतले.