वाजिदला विचारलेला प्रश्न

पेशकारसाहेबांच्या डोळ्यांपुढे मी उभा असे, तरी ते उठून दारात जात आणि मोकळ्या अंगणाकडे तोंड करून पुकारत, "बसवराज वल्द शिवलिंगप्पा, साकीन संतपूर, हाजिर है?" एकदा नाही, तीनदा. मग परत येऊन बसत आणि मी जणू आत्ताच संतपुराहून धापा टाकत आलोय अशा चेहऱ्यानं मला आत बोलावत. त्यांचा उभा जन्म बिदरच्या अदालतीत मुन्सफापुढे कागद ठेवण्यात गेलेला. मुलाखतीला ते कधी मुलाखत म्हणाले नाहीत. पेशी म्हणत.

या पेशीचं खूळ आमच्या अप्पांचं. तेव्हा निजामाचं राज्य होतं. अप्पा तुरीचा व्यापार करायचे, मालाच्या निमित्तानं हैदराबादेला जायचे. तिथं एका मोठ्या खाजगी शाळेच्या फाटकात शेरवानी घातलेली पोरं मोटारीतून उतरताना त्यांनी पाहिली आणि आपलंही एक पोरगं त्यात असावं हे त्यांच्या डोक्यात बसलं. शाळा जहागीरदारांच्या, अंमलदारांच्या मुलांची, राहणं तिथंच. पोराला एकट्याला तिघांपुढे उभं करत, उर्दूत प्रश्न विचारत आणि पसंत पडलं तर घेत. आमच्या घरात आईशी कानडी आणि दुकानात मराठी चाले. उर्दू फक्त सरकारी माणूस दारात आला की बाहेर निघायची, तीही घाबरत.

माझी अक्का बिदरजवळच्या नौबादेत दिलेली होती आणि तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर पेशकारसाहेब एकटे राहत. हैदराबादच्या पेशीसाठी पोरं तयार करून देणारा माणूस म्हणून त्यांचं नाव सगळ्या तालुक्यात होतं. उन्हाळ्यात अप्पांनी मला त्यांच्यापुढे नेऊन उभं केलं.

"साहेब, पोरगं हुशार हाय. पर चार माणसांत तोंडच उघडत न्हाई बगा. कामून गप बसतंय काय की."

"तोंड उघडायचं काम माझं," साहेब म्हणाले. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा साफ होतं. "मला काही द्यायचं नाही. मात्र पेशीत काय काय विचारलं, ते यानं परत येऊन मला सांगायचं. अक्षर गाळायचं नाही."

अप्पांना हा सौदा भलताच स्वस्त वाटला. मला अक्काकडं ठेवून ते संतपूरला परतले.

बैठकीत तीन खुर्च्या मांडलेल्या असत, तिन्ही रिकाम्या. साहेब त्यांच्या मागं उभे राहून तिघांच्या आवाजात प्रश्न विचारत. पहिला गोरा साहेब, त्याचं उर्दू नाक चोंदल्यासारखं. दुसरे मौलवी, प्रत्येक शब्द चावून बोलणारे. तिसरे एक म्हातारे नवाब, आधी खोकणार, मग विचारणार. सुरुवातीला मला हसू यायचं. आठवड्याभरात मात्र हसू गेलं, कारण त्या खुर्च्या मला रिकाम्या दिसेनाशा झाल्या. आदाब करताना किती वाकायचं, हात कुठं ठेवायचे, "'हौ' नक्को, 'जी हाँ' बोलो," सगळं ते घोटून घेत. आणि वर एक ताकीद असे. "चुकलास तर चालेल. गप राहिलास तर मुकदमा खारिज."

एका उत्तरावर त्यांचा सगळ्यात जोर होता. नवाब खोकून विचारत, "घर छोड के रह सकोगे?" त्यावर म्हणायचं, "जी, रह लूंगा." एवढंच. पण तोवर मी आईच्या कुशीत झोपणारा पोरगा. ते तीन शब्द मी दाराकडं बघत अर्धेच बोलायचो. साहेब चिडायचे नाहीत. ते पुन्हा विचारत, पुन्हा विचारत, आवाजातला कंप जाईपर्यंत विचारत राहत. पुढे पुढे मला त्या शब्दांचा अर्थच जाणवेनासा झाला आणि साहेब म्हणाले, "अब पक्का हुआ."

एका दुपारी मी वेळेआधी गेलो. आतून नवाबांचा खोकला ऐकू आला, मग प्रश्न. आणि त्याला एका मुलाच्या बारीक आवाजानं उत्तर दिलं. दुसरं कुणी शिकायला येतं की काय म्हणून मी फटीतून पाहिलं. आत एकटे साहेब होते. खुर्च्यांमागून विचारत, मग फिरून पुढं येत, हात बांधून, मान किंचित खाली घालून त्या कोवळ्या आवाजात उत्तर देत. असे बरेच प्रश्न झाले. मध्येच एका प्रश्नाला उत्तर दिलं नाही. तसेच उभे राहिले, कान देऊन, कुणीतरी बोलेल म्हणून वाट पाहिल्यासारखे. मी पळत अक्काकडं गेलो.

अक्का ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"वाजिदचा आवाज काडायलेत त्ये," ती म्हणाली. "त्यांचा ल्योक. तुज्याएवढाच व्हता. आई न्हवती त्याला, ह्यांनीच वाडवला. लई हुशार. त्याच साळंत बसवायला नेलते. आत गेला, भाईर आला, आन म्हनला, 'नहीं लिया, अब्बा.' बस. काय इच्यारलं, कुटं अडलास, काय सांगंना. साहेबांनी त्याच्याशी बोलनंच सोडलं बग. त्याच साली पोरगं तापानं फणफणलं. मग ह्ये उशाशी बसून तेच इच्यारायचे, 'क्या पूछे थे बेटा? बोल की.' पोरगं गेलं. पर सांगून न्हाई गेलं."

तेव्हा मला त्या सौद्याचा अर्थ कळला. वाजिद कोणत्या प्रश्नाला गप राहिला, तो प्रश्न साहेब शोधत होते. प्रत्येक पोरगं म्हणजे त्या खोलीत पाठवलेला एक कान होता.

त्यानंतर बैठकीत उभा राहिलो की माझ्या डाव्या हाताला कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. मी उत्तर द्यायचो तेव्हा तोही देतोय असं वाटायचं. एकदा तर साहेबांनी दारात जाऊन पुकारा केला तो "वाजिद वल्द..." असा. आणि मी, का ते देव जाणे, आतून म्हणालो, "जी." साहेब वळून आले, खाली बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

हैदराबादच्या त्या खोलीत खरंच तिघे होते. माणसं वेगळी, पण मला ती ओळखीची वाटली, इतकी साहेबांनी घोटून घेतली होती. त्यातले सर्वांत वयस्कर गृहस्थ खोकत मात्र नव्हते. सारखा चष्मा पुसत होते. सगळी उत्तरं झाल्यावर त्यांनी विचारलं, "घर छोड के रह सकोगे?"

"जी, रह लूंगा."

"किसने तैयार किया तुम्हें?"

मी साहेबांचं नाव आणि नौबाद सांगितलं. म्हाताऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शेजारच्या दोघांकडे वळून ते सांगू लागले. नौबादच्या एका पेशकाराचा मुलगा फार वर्षांपूर्वी इथं उभा होता. त्याच्याइतकी सुरेख उत्तरं पुन्हा ऐकली नाहीत. शेवटी त्यालाही हेच विचारलं. तर म्हणाला, "मैं तो रह लूंगा साहब, मगर अब्बा नहीं रह सकेंगे. आप मुझे मत लीजिए. और उन्हें बताइए भी मत." त्याच्या शब्दासाठी आम्ही त्याला घेतलं नाही, म्हातारे म्हणाले.

मला घेतलं. अप्पांनी फाटकातच पेढे वाटले.

नौबादेला आल्यावर मी साहेबांना सगळं सांगितलं. तोच तर सौदा होता. गोऱ्यानं काय विचारलं, मौलवींनी काय विचारलं, ओळीनं सांगत गेलो. साहेब डोळे मिटून ऐकत होते. शेवटी वाजिदचं उत्तर सांगितलं तेव्हाही त्यांनी डोळे उघडले नाहीत. तसेच म्हणाले, "ये जवाब तो मैंने नहीं सिखाया था." मग नुसतंच, "हौ... हौ," म्हणत मान हलवत राहिले. मी कधी निघून आलो ते त्यांना कळलंही नाही. त्यानंतर त्यांनी कुणालाही शिकवलं नाही. अक्का सांगायची, कुणी पोराला घेऊन आलं की ते दारातूनच म्हणत, "पहले बच्चे से पूछो," आणि लोक म्हणत, म्हातारा भ्रमला.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. मी शाळेत होतो, मला ते महिन्यानं समजलं. त्यामुळं त्यांचं जाणं मी पाहिलेलं नाही. मी पाहिलेले साहेब बिदरच्या स्टेशनावरच उभे आहेत आणि इतकी वर्षं झाली तरी तिथून हलत नाहीत.

त्या दिवशी मला शाळेत पोचवायला अप्पा निघाले होते. ट्रंक डब्यात चढली होती. एवढ्यात साहेब जिना चढून आल्यासारखे दमत, काठी टेकत आले. अप्पांकडं त्यांनी पाहिलंही नाही. माझ्यापुढं वाकून म्हणाले, "बेटा, सच बोल. जाना है?"

मी पाठ केलेलं उत्तर तोंडात आलं. पण मी म्हणालो, "न्हाई. मला आईकडं जायचंय."

साहेबांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. "शाबास," म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मग अप्पांकडं वळले. "शिवलिंगप्पा, मुलगा नको म्हणतोय. घरी न्या त्याला. मी हात जोडतो."

अप्पा मोठ्यानं हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

"काय साहेब! तुमीच तर तयार केलाव न्हवं का त्याला?"

ज्यांनी मला गप राहायचं नाही असं शिकवलं, त्यांना यावर काही बोलता आलं नाही. अप्पांनी मला काखेत हात घालून वर घेतलं. गाडी सुटली. मी गजांना धरून हमसून हमसून रडत होतो, आणि अप्पा समोरच्या माणसाला मोठ्या कौतुकानं सांगत होते की तिघांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाला आमचं पोरगं अडलं नाही.