मुळ्यांच्या वाफ्यातली ऊब

उजेड न पाहता फक्त ऊब पाहणाऱ्या दुर्बिणीतून मी पहिल्यांदा पाहिला तो ओसाकामधल्या आमच्या कचेरीतला एक रिकामा जिना. कोणीतरी नुकतेच वर गेले होते. कठड्यावर पंजाचा ठसा उरला होता, पाची बोटे वेगवेगळी, पांढरीशुभ्र. आणि मी पाहत असतानाच तो आरशावरच्या उच्छ्वासासारखा कडेकडेने विरत गेला. माणूस वरच्या मजल्यावर पोहोचला असेल, दार उघडून आपल्या खुर्चीत बसलाही असेल. त्याचा हात मात्र अजून कठड्यावर होता.

मराठी कविता शिकलेल्या बाईने बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी बनवणाऱ्या छोट्याशा कंपनीत काय करावे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही ओसाकाला आलो, मी जपानी शिकले आणि आधी आरुबाइतो म्हणून, म्हणजे काही तासांची नोकरी म्हणून, हे काम धरले. चाचणी घेणाऱ्यांच्या शेजारी बसायचे आणि दुर्बिणीत जे दिसते ते शब्दांत उतरवायचे. त्यातून पुढे माहितीपुस्तिका तयार होई. माझा संबंध गोळीशी नाही, शब्दांशी आहे, असे मी स्वतःला समजावत असे. आईला फोनवर ‘दुर्बिणींची कंपनी’ एवढेच सांगितले होते, आणि गच्चीतून चंद्र पाहायच्या त्या दुर्बिणी, असे समजून ती समाधानी होती.

त्या जगात रंग नसतात. जे जितके ऊबदार, ते तितके पांढरे. आकाश काळे, ओढा काळा, पाने काळी. दिवसभर ऊन प्यायलेले दगड मात्र सूर्य गेल्यावरही बराच वेळ करडे राहतात, झोप न लागणाऱ्या माणसासारखे. हरणाचा चेहरा उजळतो, पण त्याची शिंगे जवळजवळ दिसतच नाहीत. वाटते, कोणीतरी मुकुट उतरवून ठेवून आले आहे. हे सगळे मी पुस्तिकेत लिहीत असे, आणि आमच्या गटातला ठाण्याचा मुलगा, जो दुर्बिणीचे सॉफ्टवेअर लिहीत होता, ते खोडत असे.

“ताई, ‘झोप न लागणारे दगड’ कस्टमरला कशाला सांगायचे?”

“अरे, पण तसेच दिसतात ना?”

“दिसतात गं. पण त्याला डुक्कर हवंय.”

गेल्या शरदाच्या अखेरीस आम्ही दोघे डोंगरातल्या एका गावी चाचणीला गेलो. आधी खासगी रेल्वे, मग एकुलत्या एका डब्याची गाडी, मग नगरपालिकेची मोटार. गावात उतरत्या पायऱ्यांची शेते होती आणि रानडुकरे ती रातोरात उकरून टाकत होती. जपानमध्ये सूर्यास्तानंतर गोळी झाडायला कायद्याची मनाई आहे. खास परवानगी मिळाली तरच झाडता येते. नगरपालिकेला ती परवानगी मागायची होती आणि तिच्या भरवशाचा एकच शिकारी त्या गावात उरला होता. त्याच्या घरी आम्ही उतरलो. मी त्यांना आजोबा म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला आजी. जपानीतही अनोळखी वृद्धांना तसेच म्हणतात.

आजोबांनी चहा ओतला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

“यंत्र चांगलं की वाईट, ते तुम्ही ठरवा. मला एकच पाहायचं आहे. ही हल्ली विसरते. संध्याकाळ झाली की मुळे उपटायला वाफ्यात जाऊन बसते. मुळे उपटून झालेले असले तरी जाते. पाठमोरी, वाकून, काळोखात. गेल्या हिवाळ्यापासून मी बंदूक कपाटातून काढलेली नाही. अंधारात ही कोण आणि डुक्कर कोण, हे मला कळलं, तर मी नगरपालिकेला होकार देईन. नाही कळलं, तर बंदूक परत करीन. माझ्यामागे इथं कोणी नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.”

आजी शेजारीच खाकी नावाची तुरट जपानी फळे सोलत होत्या. पिवळ्या सालीची लांब फीत सुरीखालून न तुटता उतरत होती. “कोण विसरतं?” त्यांनी विचारले.

“मी,” आजोबा म्हणाले.

बंदूक त्या दोन्ही संध्याकाळी कुलपातच राहिली. दुर्बीण आम्ही ओसरीवर तिकाटण्यावर बसवली. मध्ये दाराची काच आली तर ही दुर्बीण आंधळी होते. काचेपलीकडचे काही न दिसता पाहणाऱ्याचीच पुसट सावली समोर उभी राहते. म्हणून ओसरीची सरकती दारे सताड उघडावी लागली आणि डोंगराची थंडी पाहुण्यासारखी थेट घरात येऊन बसली. आजोबांची पद्धत शिस्तीची होती. जपानमधल्या रेल्वेचे चालक सिग्नलकडे बोट करून मोठ्याने त्याचे नाव घेतात, तसे तेही करत. आधी पाहायचे, मग बोट करायचे, मग स्पष्ट उच्चारायचे. त्यानंतरच आमच्या पडद्यावरची चौकट पाहायची. सॉफ्टवेअर आकृतीभोवती चौकट आखून ‘व्यक्ती’ किंवा ‘प्राणी’ असे लिहीत असे.

पहिल्या संध्याकाळी हरणे आली. पाचच्या सुमारासच काळोख दाटला होता. शेताच्या वरच्या कडेने ती एकामागून एक उतरली, आतून दिवा लावल्यासारखी, आणि त्यांच्या पावलांचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचण्याआधी त्यांची ऊब पोहोचली.

“हरीण,” आजोबांनी बोट केले. “हरीण. हरीण.” प्रत्येक वेळी चौकटीने दुजोरा दिला. ठाण्याच्या मुलाचा चेहरा फुलला.

आजींनाही पाहायचे होते. त्यांनी डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

“केवढी मंडळी आली आहेत,” त्या म्हणाल्या. “चहा टाकायला हवा.”

उठताना त्यांनी खांबाचा आधार घेतला. त्यांचा हात निघाल्यावर मी दुर्बीण तिकडे वळवली. थंड लाकडावर त्यांचा लहानसा पंजा उजळत होता. मी त्यांना दाखवला.

“इथं हात कोणी ठेवला?”

“तुम्हीच, आजी.”

“छे गं. माझा हात तर हा बघ, माझ्यापाशी आहे.” त्यांनी तो माझ्या हातात दिला. सालींच्या रसाने चिकट झालेला, कोमट, तुरट वासाचा. आम्ही दोघींनी मिळून खांबावरचा हात मावळेपर्यंत पाहिला.

दुसऱ्या संध्याकाळी खरी परीक्षा होती. आजींच्या जागी वाफ्यात मी बसायचे ठरले. त्यांचा कापूस भरलेला जाड अंगरखा मी चढवला, डोक्याला त्यांचा फडका बांधला. अंगरख्याला धुराचा, सोयाचा आणि कापडात मुरलेल्या उन्हाचा वास होता.

“ताई, तिथे बसून कविता म्हणू नकोस हां,” ठाण्याचा मुलगा मराठीत म्हणाला. “डुकरं गाव सोडून जातील.”

“तुझं सॉफ्टवेअर आधी माणसाला माणूस म्हणू दे. मग माझ्यावर बोल.”

मी घराकडे पाठ करून मुळ्यांमध्ये उकिडवी बसले. ओढ्यावरून धुके वर येत होते. पाने गालाला लागत, ओली, लव असलेली, मोहरीसारखी तिखट वासाची. हाताखालची माती वर थंड आणि बोटभर खाली किंचित कोमट होती, जणू तिनेही अंगरखा पांघरला होता. माझ्या मागे, त्या अंधाऱ्या चढापलीकडे, एक डोळा मला पाहत होता आणि त्या डोळ्याला माझे नाव, माझी भाषा, माझ्या कपाळाची टिकली यांपैकी काहीच दिसत नव्हते. मी म्हणजे केवळ ऊब होते. इतके हलके मला फार दिवसांत वाटले नव्हते.

खिशातली वॉकीटॉकी खरखरली. आधी ठाण्याचा मुलगा, हळू आवाजात: “ताई, सॉरी. चौकट ‘प्राणी’ म्हणतेय. कोटातून काहीच उष्णता बाहेर येत नाहीये.” मग आजोबांचा स्वच्छ, मोठा उच्चार, जपानीत:

“आमची ही.”

त्या दोन शब्दांत मराठीतला जुना संसारी संकोच जसाच्या तसा होता. बायकोचे नाव न घेता तिला सगळ्या जगातून वेगळे काढणारा. तो माझ्यासाठी नव्हता, तरी त्या वाफ्यात मला खरोखर ऊब वाटली. मी मान वर केली, चेहरा वळवला, आणि ठाण्याचा मुलगा ओरडला, “व्यक्ती! आली, व्यक्ती आली!”

मी परतले तेव्हा ओसरीवर आनंद होता. यंत्र चुकले होते, पण आजोबा चुकले नव्हते. ठाण्याच्या मुलाच्या मते सॉफ्टवेअर दुरुस्त करणे सोपे होते. माणसाची नजर महत्त्वाची, आणि ती तर खणखणीत निघाली. आजोबांनी त्याच्या पेल्यात आपणहून चहा ओतला. मी आजींशेजारी, खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजावर अंथरलेल्या दुलईत पाय घालून बसले. त्या पुन्हा फळे सोलू लागल्या होत्या.

मग रानडुक्कर आले.

मी ते पडद्यावर पाहिले. ओढ्याच्या बाजूने धुक्यात एक करडा डाग घट्ट होत गेला; पाठ मळकट, पोट आणि कान पांढरे. मागे एक पिल्लू, ठिणगीएवढे. डुक्कर वाफ्याच्या कडेला थांबले, खाली वाकले आणि माती उकरू लागले. चौकट ताबडतोब उमटली, स्थिर, निःशंक: प्राणी. ती आजोबांना दिसत नव्हती. त्यांचा डोळा दुर्बिणीला होता. त्यांनी हात उचलला, अंधारात बोट केले आणि मोठ्याने म्हणाले:

“आमची ही.”

“हं?” माझ्या शेजारून आजी म्हणाल्या. “आले हं.” त्यांनी सुरी खाली ठेवली, दुलई बाजूला केली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठू लागल्या.

आजोबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. मग पुन्हा दुर्बिणीत.

“आजोबा,” ठाण्याचा मुलगा अतिशय नरमाईने म्हणाला, “ते डुक्कर आहे. शेपटी बघा ना...”

“दिसते मला शेपटी. पिल्लूही दिसतं आहे. डुक्कर आहे, हे मला चांगलं कळतं आहे.” त्यांनी डोळा दुर्बिणीवरून काढला. “पण तोंडातून निघालं ते हे.”

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. डोळा लावला, बोट उचलले. बोटासोबत यायच्या ‘डुक्कर’ या शब्दाची आम्ही वाट पाहत राहिलो; तो अवघड शब्द नव्हता, आणि तो माणूस जन्मभर तो उच्चारत आला होता. बोट हवेत तसेच राहिले. खाली वाफ्यात ती पांढरी, वाकलेली ऊब आपल्या पिल्लासह निवांत माती उकरत होती. अखेर त्यांनी हात खाली घेतला आणि भिंगावर झाकण बसवले.

आजी तोवर त्यांच्यापर्यंत पोहोचल्या होत्या. “कशाला हाक मारलीत?”

“काही नाही. थंडी वाजते आहे का, विचारायचं होतं.”

“मग दारं लावा की!” त्या म्हणाल्या. “उघडी टाकून बसलेत सगळे.”

त्यांनी दारे लावली. काचेत आम्ही चौघे उमटलो आणि बाहेरचे सगळे नाहीसे झाले.

“पण मशीन बरोबर होतं, ताई,” ठाण्याचा मुलगा रात्री अंथरुणे घालताना म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तरी त्याला ते कोणाला तरी सांगायला हवे होते. मी अहवालात तसेच लिहिले: यंत्राने रानडुक्कर ओळखले. ते खरे होते, आणि त्या संध्याकाळविषयी पुस्तिकेत लिहिता येण्यासारखे तेवढेच होते.

सकाळी आजोबांनी नगरपालिकेला फोन केला. उभ्यानेच, थोडक्यात, समोरच्याला दिसत नसतानाही मान झुकवत. नकार दिला, बंदूक परत करण्याविषयी विचारले, आणि मग कुंपणाची गोष्ट निघाली. पलीकडून विजेच्या तारेचा सल्ला आला असावा.

“वीज नको,” ते म्हणाले. “ही हात लावेल. साधी लोखंडी जाळी द्या.”

परतीची गाडी दुपारची होती, म्हणून आम्ही मदतीला थांबलो. जाळी यायला अवकाश होता. खांब मात्र गोठ्यामागे पडलेले होते. धुके फिटले होते. दिवसाउजेडी तो वाफा अगदीच लहान निघाला, हिरवा, जागोजागी उकरलेला. ठाण्याच्या मुलाने पहार घेतली, मी खांब धरायला उभी राहिले. आजोबा आजींकडे वळले.

“दार कुठं ठेवू?”

त्या वाफ्याच्या कडेने चालू लागल्या. घराजवळचा कोपरा ओलांडला, पायवाट ओलांडली, आणि पार पलीकडे, ओढ्याच्या अंगाला जाऊन उभ्या राहिल्या. “इथं.”

“तिकडं कशाला? घर इकडं आहे. वळसा पडेल तुला.”

“इथून येताना खाकीचं झाड समोर दिसतं.”

आजोबांनी झाडाकडे पाहिले. पाने गळून गेली होती, शेंड्याला पाखरांसाठी राखलेली दोनचार फळे होती. डुकरेही नेमकी त्याच बाजूने येत, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. त्यांनी खांद्यावर खांब घेतला आणि वळसा घालून आजींपाशी गेले.

“कडी भक्कम लागेल,” जाता जाता ते आम्हाला म्हणाले, आणि पहिला खड्डा तिथेच खणायला घेतला.